आपांनी एक्के टाकले

बगीच्यात उभं राहून फळाची तारीफ करायची नाही, हा आमच्याकडचा संत्र्याच्या सौद्यातला जुना रिवाज. व्यापारी येतो, झाडाझाडाखालून फिरतो, वर पाहतो, एखादी फांदी हातानं वाकवतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. काढलाच तर, "फळगळ दिसते थोडी." मालकही काही विचारत नाही. मग दोघं ओसरीवर येतात, पाणी पितात, चहा होतो, आणि त्यानंतर बोलणं सुरू होतं. झाडाखालीच जो "वा" म्हणाला, त्याला भाव वर चढवून मिळणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून कोणी म्हणत नाही.

अचलपूरच्या कुलसुमबी आपा आमचा बगीचा घ्यायला कितीक वर्षं आल्या. आधी नवऱ्यासोबत, तो गेल्यावर एकट्या. एसटीनं यायच्या, डोक्यावरचा पदर नीट करून झाडाझाडातून फिरायच्या, आणि चेहरा असा, की समोर फळं लटकली आहेत की जुन्या चपला लटकल्या आहेत ते कळू नये. माझे मालक खुशालराव त्यांच्या मागे मागे चालायचे, निकालाच्या दिवशीच्या पोरासारखे. "एकदा आपाच्या तोंडून चांगलं ऐकलं पायजे, शकुन," असं मला म्हणायचे. ते कधी झालं नाही. पुढं आपांचे गुडघे गेले, धंदा पुतण्याच्या हातात गेला, आणि त्यांचं येणं थांबलं.

त्यानंतर त्या आम्हाला भेटल्या त्या थेट मोबाइलवर, पत्ते खेळताना.

दोन हजार एकोणीसचा तो उन्हाळा. आमच्या शिवारातले बोअर एकामागून एक हवा फेकायला लागले होते. आमचा चालू होता, पण म्हाताऱ्यासारखा. थोडा वेळ बोलायचा, मग खोकत बसायचा. खुशालराव दुपारभर ओसरीत बसून त्या पाइपाच्या तोंडाकडे पाहत राहायचे. आमची आचल अकोल्याला जठारपेठेत खोली करून राहते, तिथंच एका कपड्याच्या दुकानात हिशेबाला आहे. ती सुट्टीवर आली, बापाची ही अवस्था पाहिली, आणि आमच्या दोघांच्या फोनवर पोकर टाकून दिलं.

"बोअरले डोळे लावून पाणी येत नाही, बाबा. हे खेळा."

"जुगार शिकवून राहिली का बापाले?"

"पैसे नाहीत याच्यात. फुकटच्या चकत्या आहेत. हरल्या का सकाळी पुन्हा भेटतात."

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं, ती ज्याची त्यालाच दिसतात. मग टेबलावर मधोमध पानं उघडत जातात, एकूण पाच, ती सगळ्यांची. आपली दोन आणि मधली मिळून ज्याचा डाव मोठा, तो चकत्या नेतो. दरवेळी तुम्हाला विचारतात: आणखी चकत्या लावता, की पानं टाकता? बस, एवढंच. पण या "टाकता का"मध्ये माणूस उघडा पडतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आचलनं आमचं आमचं बंद टेबल केलं. चौथा गडी म्हणून तिची मैत्रीण अमरीन आली, ती आपांची नात. दोन दिवस अमरीन खेळली, मग तिनं फोन आजीकडं दिला तो दिलाच. आपांनी आधी अट घातली. "पैसा लागला का मी उठली. तो हराम हाय. टाइम लागते तं लागू दे, तो तसाही पडून हाय माझा."

नव्या माणसाच्या हातून ज्या चुका होतात त्या सगळ्या आम्ही नवराबायकोनं वाटून घेतल्या. माझी पहिली चूक ही, की मी प्रत्येक डाव खेळायची. तिर्री येवो, अठ्ठी येवो, मी चकत्या लावून मोकळी. आचलचा अकोल्याहून फोन.

"आई, तिर्री आन अठ्ठीवर काहून खेळली तू?"

"आली ना माझ्याकडं. आल्या पाहुण्याले दारातूनच हाकलू का?"

"पाहुणे नाहीत ते. पत्ते आहेत."

"तुले काय माहीत. मधे दोन अठ्ठ्या निघाल्या असत्या म्हंजे?"

"निघाल्या का?"

नव्हत्या निघाल्या. पण ताटात वाढलेलं टाकायचं नाही या वळणात माझा जन्म गेला. शिळी पोळी असली तर तिचा चिवडा करायचा, फाटलं लुगडं असलं तर त्याची गोधडी. आमच्या घरात टाकणं नावाची गोष्टच नाही. चकत्या मात्र जायच्या.

दुसरी चूक, मी खरं बोलायची. त्या खेळात खाली लिहायला एक पट्टी असते. आचलनं गमतीनं लिहिलं, "आई, काय आहे तुझ्याकडे?" मी लिहिलं, "दोन राण्या." सगळ्यांनी पानं टाकून दिली आणि मी हात चोळत बसली. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं, मी पुन्हा खरं लिहिलं. मग कोणाला वाटलं की ही आता खोटं बोलत असेल, आणि त्या डावात मी जिंकली. त्यानंतर माझ्या खरेपणाची टेबलावर अशी दहशत बसली, की आचल म्हणाली, "आई, तू काही लिहीतच नको जाऊ."

खुशालरावांच्या चुका मोठ्या माणसाच्या. ते स्वतःची दोन पानं पाहायचे आणि तिथंच नजर थांबायची. मधे काय उघडलं, समोरचा काय करून राहिला, तिकडं लक्ष नाही. डाव बिघडतो आहे हे मला बाजूला बसून दिसायचं. मी म्हणायची, "सोडा ना." ते म्हणायचे, "इतक्या लावल्या, आता कशा सोडू?" आणि हरले की बिथरलेल्या बैलासारखे पुढचे चार डाव आंधळेपणानं खेळायचे, पट्टीवर लिहीत लिहीत. "या आता." "दाखवतो." "कोणाच्यानं होते पाहू." वऱ्हाडी माणूस गप्प राहून पत्ते खेळत नाही.

आणि आपा? आपा टाकून द्यायच्या.

डावामागून डाव. त्यांच्या नावाखालची पानं करडी व्हायची, म्हणजे टाकली. मला पहिले वाटलं म्हातारीला डुलकी लागली. मग वाटलं, नजर कमी आहे, दिसत नसेल. हळूहळू उमगलं की त्या बसून आहेत. नदीकाठी बगळा बसतो तसं नाही, त्याला तरी मासोळीची घाई असते. या अशा बसायच्या, जसं काही येणार नाही आणि आलं नाही तरी चालेल. मग दुपार कलताना एकदाच त्या खेळात शिरायच्या, आणि आमच्या तिघांच्या चकत्या उचलून पुन्हा आपल्या जागी. मी माझा डाव सोडून त्यांच्या नावाकडे पाहत बसायची. हातात आलेलं इतक्या वेळा, इतक्या सहज, चिडचिड न करता सोडून देणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला तर जुनी बरणी सोडवत नाही.

इकडे बगीच्यात वेगळाच खेळ चालू होता.

त्या वर्षीचा आंबिया बहार असा आला की म्हातारे लोक पाहायला यायचे. थंडीत झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की फुलं येतात, तो आंबिया. त्या वर्षी पानापेक्षा फूल जास्त होतं. माघात बगीच्यातून गेलं की अंगावरच्या कपड्यांना घरी आल्यावरही वास. आणि फुलं नुसती फुलून गळली नाहीत, धरली. चैत्र संपला तेव्हा एकेका फांदीवर सुपारीएवढी हिरवी फळं अशी दाटून होती, की फांदी दिसू नये. आमच्या लग्नानंतर लावलेली ही झाडं. इतकं फळ त्यांनी कधी धरलं नव्हतं.

आणि पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण झाड जगेल एवढं. फळ पोसेल एवढं नव्हतं. शेजारच्या सूर्यभानभाऊंचा बगीचा तर बुडापासून तोडून सरपणाला गेला होता. कुऱ्हाडीचा आवाज आमच्या ओसरीत यायचा तेव्हा खुशालराव फोनचा आवाज वाढवायचे. कृषीखात्याचा माणूस येऊन सांगून गेला. "सारी फळं तोडून टाका, काका. आता टाकली तर झाड वाचते. ठेवली तर झाड फळाले आपलं सगळं देऊन टाकते आन स्वतः मरते."

खुशालरावांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

"या बहाराले हात लावू मी? या बहाराले?"

"झाडंच गेली तं?" मी म्हटलं.

"पंधरा दिवस काढले का पाऊस येते. इतकं राखलं, आता कसं सोडू?"

हे वाक्य मी रोज दुपारी ऐकत होती. पण तेव्हा मलाही फळं तोडा म्हणवेना. हिरवी, तुकतुकीत, पावडर लावल्यासारखी फळं होती हो ती. पानं मात्र दुपारी वळून नळीसारखी व्हायची, आणि आता ती संध्याकाळीही उलगडत नव्हती.

अशात एका दुपारी खुशालरावांना दोन एक्के आले. पोकरात दोन एक्क्यांच्या वर हातात काही येत नाही. त्यांनी मांडी बदलली, गमछ्यानं तोंड पुसलं. मधे पानं उघडत गेली: सात, आठ, नऊ, आणि मग दहा. ओळीत. मला बाजूनं दिसत होतं, ज्याच्याकडे गुलाम किंवा छक्की असेल त्याची पाच पानांची रांग लागली, एक्के गेले चुलीत. आपांनी चकत्या लावल्या, त्याही भरपूर.

"आचलचे बाबा, मधे पाहा."

"एक्के आहेत, एक्के."

त्यांनी सगळ्या चकत्या पुढं सारल्या. आपांकडे गुलाम होता. पट्टीवर अमरीननं आजीचं बोलणं लिहून पाठवलं: "भाऊ, एक्क्याकडे पाहत होते. टेबल नाही पाहिला." खुशालराव फोन उलटा ठेवून बोअरकडे गेले.

दोन-तीन दिवस ते खेळले नाहीत. मग बसले, आणि त्या दिवशी ते झालं जे मी आजही भेटेल त्याला सांगते.

खुशालरावांकडे एक राणी होती. मधे आणखी दोन राण्या उघडल्या. तीन राण्या, म्हणजे कोणत्याही जोडीच्या वरचा डाव. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही लिहिलं नाही, मांडी बदलली नाही. गुपचूप चकत्या लावल्या. आपांनी तेवढ्याच लावल्या. शेवटचं पान उघडलं, फालतू, दुर्री. खुशालरावांनी सगळं पुढं सारलं. मला वाटलं, आज आपा सापडल्या.

वेळ जात राहिला. पडद्यावर आपांच्या नावाभोवतीची रेघ हळूहळू कमी होत होती, म्हणजे विचार करायचा वेळ संपत होता. मग पानं करडी झाली. टाकली. आणि टाकताना त्यांनी ती उलटून दाखवली.

दोन एक्के.

आम्ही दोघं त्या पडद्याकडे पाहतच राहिलो. अकोल्याहून आचलनं लिहिलं, "अरे बापरे."  चकत्या खुशालरावांच्या नावावर कधी जमा झाल्या, मला आठवत नाही. त्यांना आनंद झालाच नाही. ते उठले, ओसरीत दोन चकरा मारल्या, परत येऊन बसले.

"एक्के टाकले," ते म्हणाले. "शकुन, तिनं एक्के टाकले."

"हो."

"तिले कसं समजलं?"

"विचारा त्याईले."

त्यांनी फोन लावला. मी कान जवळ नेला. आपा तिकडून हसत होत्या. "अहो खुशालभाऊ, तुमी रोज वरडता. आज तुमी चूप. मी म्हटलं, याच्या घरात आज खरंच काई आलं."

"पण एक्के, आपा. टाकवले कसे तुमच्यानं?"

त्यांनी उलट विचारलं, "बहार कसा हाय तुमचा? पुतण्या सांगत होता, लई धरला म्हणे."

खुशालरावांनी बोअरच्या पाइपाकडं पाहिलं. मग म्हणाले, "धरला."

"मी येते पाहाले."

गुडघे बांधून, अमरीनच्या आधारानं, आपा सकाळच्या एसटीनं आल्या. खुशालरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. इतक्या वर्षांनी आपा पुन्हा आमच्या बगीच्यात, आणि बहार हा असा. मी खाट उचलून मागे चालली, कुठं बसावंसं वाटलं तर. आपा पहिल्या झाडाखाली थांबल्या. काठी टेकून वर पाहिलं. फळांकडे पाहिलं, वळलेल्या पानांकडे पाहिलं, पायानं माती उकरून पाहिली. मग फांदी वाकवली, तशीच, जुन्या सवयीनं.

"सुभानल्ला," त्या म्हणाल्या. "काय फळ हाय हे."

खुशालराव दचकले. मीही.

"आपा," ते हळू म्हणाले, "बगीच्यात कोणी..."

"मालूम हाय मले." त्या दुसऱ्या झाडाकडे गेल्या. "हे पाहा, हे तर त्याच्याहून बी. असं झाड मी वरुडात नाही पायलं, परतवाड्यात नाही पायलं." तिसऱ्याखाली थांबून त्यांनी हिरव्या फळावरून अंगठा फिरवला, बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा. "खुशालभाऊ, तुमी लई मेहनत केली. माझा नवरा असता तर आज त्यानं बी कबूल केलं असतं."

त्या बोलत गेल्या. ज्या बाईच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायला माझा नवरा वर्षानुवर्षं मागे मागे फिरला, ती झाडाझाडाखाली उभी राहून मोठ्यानं, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं कौतुक करत होती. आणि प्रत्येक शब्दासरशी खुशालरावांचा चेहरा उतरत होता. कारण त्यांनाही कळत होतं, मलाही कळत होतं. ज्याला माल घ्यायचा असतो तो झाडाखाली बोलत नाही. बोलणाऱ्यानं पानं उलटून दाखवलेली असतात. डाव संपलेला असतो.

खुशालराव एका झाडाच्या बुडाशी बसले.

"वाचत नाही ना, आपा?"

"फळ का झाड?"

"दोन्ही."

आपा खाटेवर टेकल्या. "हातातलं तं मी बी पाहून राहिली, भाऊ. असं हातातलं मी जिंदगीत नाही पायलं. पण टेबल पाहा ना तुमी. बोअर पाहा, आभाळ पाहा, सूर्यभानचं वावर पाहा. एक्के हायेत म्हणून तं सोडाले जड जाते. दुर्री कोणी बी टाकते."

वरून एक होला बोलत होता.  खुशालराव उठले, डोक्याच्या वरची फांदी वाकवली, आणि पहिलं फळ तोडलं. ते जमिनीवर पडलं तेव्हा आवाज झाला, एवढासा. मग दुसरं. मग ते मूठमूठ ओरबाडायला लागले, आणि मी पदर खोचून दुसऱ्या झाडाला लागली. अमरीन लागली. आपा खाटेवर बसूनच खालच्या फांद्या करत होत्या. दुपारपर्यंत गल्लीतल्या बाया आल्या; कोणी बोलावलं नव्हतं. त्यातली पार्बताबाई तर वाटेत रडत आली आणि तोडतानाही रडत होती, तिचा एक दाणा यात नव्हता तरी.

आणि मग वास सुटला. हिरव्या सालीचा, कडवट, गार वास. पायाखाली फळं चिरडत होती, हात तेलानं चिकट झाले होते, आणि भर वैशाखात, जमीन भेगाळलेली असताना, अख्ख्या गावावर संत्र्याचा वास पसरला. लोक दारात येऊन उभे राहिले. गुरं नाक वर करून हुंगत होती. इतकं सगळं टाकून दिल्यावर असा सुगंध येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी थोडा वेळ नुसती उभी राहिली, देवळात राहतात तशी.

आमच्या कोरड्या विहिरीमागं एक झाड आहे, आडोशाचं. ते खुशालराव स्वतःच करतो म्हणाले, आणि जरा लवकरच परत आले. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी धुण्याचं पाणी घेऊन मी तिकडं गेली, तर बुड आधीच ओलं. माझे मालक आंघोळीचं पाणी बादलीत धरून तिथं नेत होते. मग सकाळचं पाणी त्यांचं आणि दुपारचं माझं, असं चालू राहिलं. आम्ही एकमेकांना एका शब्दानंही बोललो नाही. साबणाचा फेस मात्र दोघांना दिसत होता.

पाऊस आला, उशिरा आला, आणि बगीचा उभा राहिला. आषाढात नवी पालवी फुटली, पोपटी. मी झाडाझाडाला हात लावत फिरली. दिवाळीनंतर विहिरीमागच्या त्या एका झाडाची फळं पिकली. लहान, पातळ सालीची, रंग असा की दिवा लावल्यासारखी. आणि गोड अशी, की खाताना डोळे मिटावे.

खुशालराव पिशवी भरून मला घेऊन अचलपूरला गेले. आपा अंगणात ऊन खात बसल्या होत्या. त्यांनी एक फळ हातात तोललं.

"पाहा, आपा," खुशालराव म्हणाले. "एक झाड ठेवलं होतं. साधलं का नाही?"

"झाड कसं हाय?"

खुशालराव पिशवीचा बंद सोडायला लागले. तो आधीच सुटलेला होता. "वरून वाळून राहिलं. औंदा जाईल बहुतेक."

"हूं." त्यांनी साल काढायला सुरुवात केली. "साधलं म्हंजे बरोबर खेळले असं नाही, भाऊ."

"तुमी विचारलं बी नाही, कोणतं ठेवलं म्हणून."

"विहिरीमागचं. तुमी सगळ्या झाडावरून येत होते तं हात हिरवे. तिकडून आले तं वाळलेले."

मी तोंडाला पदर लावला. खुशालरावांनी पिशवी खाली ठेवली. "मंग तवाच बोलल्या काहून नाही?"

"टाकाचं एखांदं पान बी माणूस शेवटपर्यंत पाहूनच जाते. मी बी पाहते." त्यांनी एक फोड तोंडात घातली आणि चावत राहिल्या. चेहऱ्यावर काही नाही. संत्रा आहे की जुनी चप्पल, कळू नये असा चेहरा. खुशालराव वाकून पाहत होते.

"बिया लई हायेत," आपा म्हणाल्या, आणि दुसरा सोलायला घेतला.

माझ्या मालकांनी कोपरानं मला ढोसलं. "ऐकलं का, शकुन," ते कानाशी म्हणाले. "नावं ठेवली आपानं. बगीचा घेते पुढच्या साली."